‘स्कॅब’ या शब्दाची चिठ्ठी

माझे काका शब्दकोशाच्या कचेरीत आहेत. एका चिठ्ठीवर एक शब्द, असं छत्तीस वर्षं. इतका चिकित्सक माणूस मी दुसरा पाहिला नाही! काकू म्हणाली, "आमटीत मीठ कमी पडलंय," तर हे विचारणार, "कमी म्हणजे किती?"

त्याआधी ते आणि बाबा एकाच छापखान्यात होते. तिथे संप झाला, आणि बाबा युनियनचे पुढारी. अकराव्या दिवशी काका मान खाली घालून फाटकातून कामावर गेले. बाबांनी युनियनच्या सभेत शिकलेला इंग्रजी शब्द सगळ्यांसमोर हाणला, "स्कॅब!" तेव्हापासून बोलणं बंद. सख्खे भाऊ, लग्नकार्यात एकमेकांकडे पाठ करून बसायचे. माझा जीव नुसता तुटायचा.

यंदा कचेरीने आपल्या बोलण्यातल्या इंग्रजी शब्दांचा कोश करायला घेतला आणि नेमका हाच शब्द काकांच्या टेबलावर आला. त्यांनी अर्थ लावले: आधी खरूज, मग हलकट माणसाला शिवी, मग संप फोडणाऱ्याला. इथवर ठीक. पण कचेरीचा नियम असा की उदाहरण स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं, आणि खाली बोलणाऱ्याची सही हवी. दुसरा कोणी थातुरमातुर काहीतरी लिहून मोकळा झाला असता. आमचे काका कसले! रविवारी सकाळी दारात हजर.

"दादा, सही हवी होती."

बाबांनी चष्मा लावला. चिठ्ठीवर तारीख, फाटक, शब्द, आणि पुढे स्वच्छ अक्षरात ‘धाकट्या भावास उद्देशून’. बाबांनी पेन घेतलं आणि खाली लिहिलं, ‘वापर चुकीचा’. म्हणजे उदाहरण बाद.

सुटलो बाई एकदाचे, असं मला वाटलं. पण काकांनी ती ओळच खोडली!

"वापर बरोबर होता, दादा. मी आत गेलो होतो."

"पण का गेलास?"

"हिला कंपनीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. कामावर न येणाऱ्याच्या बायकोला खाट नाही, म्हणाले."

"मग तेव्हा बोलला का नाहीस, गाढवा?"

"तू विचारलं नाहीस."

मग बाबांनी सही केली, पण चिठ्ठी हातातच धरून ठेवली.

"आणि मी विचारलं नाही, ते कुठे लिहू?"

"त्याला रकाना नाही, दादा," काका म्हणाले, आणि खुर्ची ओढून बाबांसमोर बसले.