घानातल्या शाळेत आज दोन आज्या भेटल्या

हॅनोव्हरकरांनो, ओळखलंत ना? की गणपतीत माझे मोदक खाल्लेत आणि मलाच विसरलात? मी सांगतेय, सूनबाई टाईप करतेय.

माझी नात सई पीएचडीच्या कामासाठी घानाला गेलीय. आज तिने व्हिडिओ कॉलवर गरीब वस्तीतली एक कमी फीची शाळा दाखवली. छप्पर पत्र्याचं, पण पोरांचे युनिफॉर्म कडक इस्त्रीचे!

तेवढ्यात एक आजी आपल्या नातीला, अमाला, न्यायला आली. तिचं बोलणं सई मला मराठीत सांगत होती, "गाड्यावर केळी तळायला मला हाताखाली कुणी नाही. उद्यापासून ही येणार नाही." शिक्षिका विनवत होत्या. अमा दप्तर छातीशी धरून उभी.

मी म्हटलं, "सई, मी बोलते. तू आणि त्या शिक्षिका तिला तिच्या भाषेत सांगा." आणि त्या आजीला म्हटलं, "अगं बाई, मलाही अशीच घरी ठेवली होती, भावंडं सांभाळायला. लिहिता-वाचता येत नाही, आता नातीला फोन लावायचा तरी सूनबाई मोकळी व्हायची वाट बघते."

ती खो खो हसली. "मला तर सूनही नाही!"

मग तिने अमाला वर्गाकडे ढकललं. "शाळा सुटली की सरळ गाड्यावर ये."

तुमच्या घरात कुणाची शाळा अशी सुटली होती? सांगा जरा.

आणि सईचे बाबा पुढच्या महिन्यात तिकडे चाललेत. त्या आजीसाठी भाजणीची चकली पाठवा. विकतची नको, मला वासावरून कळते.