आधीची उंची

सातवीच्या पेपरात चाळीस इंचांचं रोप पन्नास इंच झालं तर शेकडा वाढ किती, असा प्रश्न होता; आणि 'पंचवीस' असं बरोबर उत्तर लिहिणाऱ्या सगळ्या मुलांना मी फुली मारली. साधी नव्हे. मी चित्रकलेचा मास्तर, त्यामुळे वळणदार, टोकाला गिरकी घेतलेली. गणिताच्या सुभद्राक्का दम्याने घरी पडून होत्या आणि "द्या इकडे, त्यात काय मोठंसं" म्हणत पेपर मीच मागून घेतले होते. वाढलेल्या दहा इंचांना मी नव्या पन्नासाने भागलं, जुन्या चाळिसाने नाही.

याला बारा वर्षं झाली. आज सांगतो, कारण सहा आठवड्यांपूर्वी अक्का गेल्या. त्यांची जुनी विद्यार्थिनी शारदा, तिचं कार्ड आलं, दोन ओळींचं. वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि बसून राहिलो... हल्ली एकदा बसलं की उठवत नाही.

निपाणीकडच्या या अक्का बेंगळुरात, मल्लेश्वरमच्या आमच्या शाळेत शेकडेवारी शिकवायच्या ती वर्गाच्या दाराच्या चौकटीवर. जूनमध्ये प्रत्येक मुलाला चौकटीला पाठ टेकवून उभं करायचं, डोक्याशी पेन्सिलीची रेघ, शेजारी नाव. मार्चमध्ये दुसरी रेघ. मग थोराड नागराज आणि चिमुकली शारदा, दोघांना पुढे बोलावायच्या. दोघंही तीन-तीन इंच वाढलेले. "जास्त कोण वाढलं?" वर्ग ओरडायचा, "सारखेच!" "सारखे कसे रे? हा साठ होता, ही अठ्ठेचाळीस. आधी किती होतात ते विचारा, मग वाढ सांगा." नागराजची निघायची शेकडा पाच, शारदेची सव्वासहा, आणि शारदा नागराजपेक्षा उंच झाल्यासारखी जागेवर जायची. मी शाळेत नवा असताना अक्कांनी मलाही चौकटीला लावलं होतं. मुलांसमोर बरं दिसावं म्हणून मी हळूच टाचा उचलल्या. त्यांनी रेघ मारली आणि कानडीत नुसतं "सरी", म्हणजे ठीक, म्हणाल्या.

तर, निकाल लागून गेल्यावर अक्का कामावर आल्या, त्यांनी पेपरांचा गठ्ठा चाळला. रागावल्या नाहीत. "बाकीचे तरलेत. शारदा या चार गुणांनीच बुडाली, आणि बापानं तिचं शाळेतून नाव काढलंय. चला." राजाजीनगरात तेव्हा निम्म्या जागा मोकळ्याच होत्या, उन्हात चालताना अक्का थोड्या थोड्या वेळानं थांबायच्या. "स्वल्प दम घेऊ द्या, मास्तर." मी वाटभर एकच वाक्य घोकत होतो : चूक माझी आहे.

शारदेचे वडील गोविंदराव शिंपी, तीन पिढ्या बेंगळुरात मुरलेले. गळ्यात फीत. शारदा कोपऱ्यात बसून सदऱ्याची काजं करत होती; वर बघितलंच नाही तिनं. "पेपर तपासताना चूक झाली," अक्का धापा टाकत म्हणाल्या, "मुलगी पास आहे." गोविंदराव अक्कांवरच उखडले. "मी माप चुकलो तर गिऱ्हाइकाला कापड भरून देतो, अक्का. तुम्ही माझ्या पोरीला काय भरून देणार होता? एवढी वर्षं गणित शिकवता की!" अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी शिलाईच्या मशीनकडे बघत होतो, जणू त्याचं चित्र काढायलाच आलोय. "होय, चुकलं," अक्का म्हणाल्या. "उद्या पाठवा तिला."

परतीच्या वाटेवर त्या एवढंच बोलल्या, "सहावीचे पेपर तरी तपासले नाहीत ना?"

शारदा परत आली, शिकली, आता अक्कांच्याच वर्गावर गणित शिकवते. गोविंदराव मात्र रस्त्यात अक्का दिसल्या की मान फिरवायचे आणि मला थांबवून कॉफी पाजायचे. ती कॉफी मी वर्षानुवर्षं प्यायलो. उद्या सांगू, दिवाळीनंतर सांगू, अक्कांच्या देखतच सांगू... गोविंदराव गेले. मग अक्का.

परवा शाळेत गेलो. चौकटीवर अक्कांच्या इंचांशेजारी आता शारदेचे सेंटीमीटर आहेत. रंगाऱ्याला तिनं दोनदा परत पाठवलंय. माझी रेघही आहे. "मोजू का, सर?" शारदेनं पेन्सिल घेतली. मी पाठ टेकवली, आणि तिच्याकडे न बघता सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "गिरकीची फुली अक्का कशाला मारतील? मी बाबांना सांगणार होते. अक्काच म्हणाल्या, त्यांचं त्यांना सांगू दे. बारा वर्षं वाट बघितली त्यांनी... टाचा टेका, सर."