उंटवाल्याची राहिलेली पानं

पांदण संपून डांबरी रस्ता लागला, तोवर देवकाबाईंच्या दोन कादंबऱ्या सांगून झाल्या होत्या. तिसरीतल्या कंपाउंडरला विष कोणी घातलं, ते मात्र काही केल्या कळत नव्हतं.

"डाक्टरनंच घातलं असंन," गोपिका म्हणाली.

"मलेही तसंच वाटे. म्हणून तं तो नसंन. इतकं सोपं असतं तं एवढं जाडं पुस्तक कायले लिहिलं असतं?"

अष्टमीची सकाळ होती. दोघी अनवाणी टेकडीवरच्या देवीला निघाल्या होत्या आणि वडनेर बरंच मागे राहिलं होतं. नवरात्रात एकदा पायी जायचं हा गोपिकेचा नेम. श्रावणात घरोघरी पोथी वाचायला तिलाच बोलावतात, आवाज गोड नाही पण उच्चार स्वच्छ. यंदा शेजारच्या वावरातल्या देवकाबाई आपण होऊन म्हणाल्या, "मलेही ने वं." साठी उलटलेल्या बाईला इतकं चालवेल का, याची गोपिकेला धास्ती होती. पण बाई आपल्या गोष्टीच्या नादात दोन पावलं पुढेच.

तीन घरांत पाहुणी जाऊन यावी तसं देवकाबाईंचं वाचन. एक कादंबरी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. वांग्याला पाणी सोडलं की सरी भरेपर्यंत ती वाचायची. त्यात समुद्रकाठच्या दीपस्तंभावर दिवा लावणाऱ्याची एकटी बायको. दुसरी चुलीजवळच्या फळीवर, त्यात चार बहिणी आणि त्यांच्यात एकच शिलाई मशीन. कंपाउंडरवाली उशाशी.

"काकू, ते मशीन दिवेवाल्याच्या बायकोचं का?"

"नाई वं! मशीन बहिणींचं. पण तिच्याजवळ असतं तं बरं झालं असतं. दिवसभर नुसती पाण्याकडे पाहत बसते बिचारी. मी तं एक दिवस मनातल्या मनात त्यातली धाकटी बहीण धाडून देली तिच्याकडं."

"अशी कशी धाडून देली?"

"देली. आठ दिवस राहून आली. कोनाचं काय गेलं?"

गोपिकेला हसू आलं. पोथी वाचताना एक ओळ इकडची तिकडे झाली तर तिला चुकल्यासारखं व्हायचं. आणि इथे या बाईनं अख्खी पोरगी एका पुस्तकातून उचलून दुसऱ्यात नेऊन ठेवली होती. पण ऐकता ऐकता तिलाही ती दिसू लागली. बाजूच्या तुरीवर पातळ धुकं होतं, वारा आला की सगळं वावर एका अंगावर कलंडे आणि पुन्हा उभं राही. "असाच असंन समुद्र," देवकाबाई म्हणाल्या. समुद्र दोघींपैकी कोणीच पाहिला नव्हता. दोघी उगाच थोडा वेळ उभ्या राहिल्या. फुटलेल्या कापसाच्या ओळींतून कोणी लुगडं सावरत चालत येतंय, असं गोपिकेला वाटलं. नीट पाहिलं तर कोणी नव्हतं.

"आन् चौथी?" तिनं विचारलं. देवकाबाई एका वेळी चार वाचतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

देवकाबाई चालू लागल्या. चालता चालता म्हणाल्या, "चौथी बंडूजी मांगून राह्यले."

बंडूजी म्हणजे गावच्या वाचनालयाचे. चौथी कादंबरी उंटवाल्याची होती. हरवलेल्या भावाला शोधत वाळवंटातून निघालेल्या आणि वाळूच्या वादळात सापडलेल्या माणसाची. ती देवकाबाईंकडे दोन वर्षांपासून होती. बंडूजींनी कधी हटकलं नाही. पण वाचनालय आता नव्या खोलीत जायचंय, जुनी पुस्तकं बांधायला टाकायची आहेत, म्हणून परवा ते घरी येऊन म्हणाले, "काकू, दिवाळीच्या आधी तेवढं द्या." पुस्तकाची शेवटची पानं राहिली होती, आणि ती न वाचता पुस्तक द्यायला देवकाबाईंचा हात होत नव्हता.

"मंग वाचून टाका ना."

"ते त्याइच्यासंगं वाचून राह्यली होती मी."

ते म्हणजे बापूराव, देवकाबाईंचे मालक. दोन वर्षांमागे पोळ्याच्या आदल्या दिवशी गेले. त्यांच्या घरी संध्याकाळी मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायचं काम चाले. बापूराव बांधत, देवकाबाई मोठ्यानं वाचत. बापूरावांचा कान गोष्टीत आणि हात भाजीत. गोष्ट रंगात आली की हाताचा अंदाज सुटे आणि जुड्या जाड होत. दुसऱ्या दिवशी बाजारात गिऱ्हाईक जुडी उचलून म्हणे, "काय बापूराव, काल कोन मेलं कादंबरीत?"

गोपिकेनं स्वतः अशा जुड्या घेतल्या होत्या. आत्ता तिला कळलं, उंटवाला वाळूच्या वादळात सापडला त्या आठवड्यात मेथी एवढी का मिळाली होती.

"तिथंच राह्यलं," देवकाबाई म्हणाल्या. "वादळ सरलं. लांबून एक मानूस येतानी दिसते. भाऊ हाये का नाई, ते पान उलटल्यावर कळंन. मी म्हटलं, उद्या वाचू. डोळे थकले होते." त्या पुढे म्हणाल्या, "आता उघडून बसली की एक ओळ वाचतो आन् थांबतो. वाचता वाचता ते 'हं' म्हनत. ते 'हं' आलं नाई की समोरची ओळच सरकत नाई."

टेकडी दिसू लागली होती. वरचा झेंडा अजून धुक्यात होता. कादंबरी ही वेळ घालवायची वस्तू, असंच गोपिका आजवर समजत आली होती.

"गोपिका, श्रावणात तू बोलली होती ना गुलाबच्या घरी. पारायण अधुरं राहून मानूस गेला तं दुसऱ्यानं त्याच्या नावानं पुरं करा म्हनून."

"ते पोथीचं, काकू."

"माहीत हाये मले पोथीचं. त्याइनं पोथी कधी ऐकली नाई. जे ऐकलं ते हेच ऐकलं." देवकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही, पायाखालचा रस्ता पाहत त्या चालत होत्या. "देवीसमोर बोलून टाकतो आज, मंग मांगं सरता येनार नाई. म्हनून पहिले तुले विचारतो. येत्या गुरुवारी संध्याकाळी येजो घरी. पुस्तक पाटावर ठेवीन, दिवा लावीन. राह्यलेली पानं तू वाचजो, पोथी वाचते तशीच, सावकाश. मी खाली बसून 'हं' म्हनीन."