शेवटची सोळा पानं

या कादंबरीचं नाव मी सांगणार नाही. लेखकाचंही नाही. कारण पुढे मी तिचा शेवट सांगून टाकणार आहे, आणि आमच्या चौघींचा एकच नियम होता, शेवट सांगायचा नाही. नाव गाळलं म्हणजे नियम अर्धा तरी पाळला जातो. उरलेल्या अर्ध्याबद्दल बाई मला माफ करतील. नाही केलं तर बसतील फुगून, मला सवय आहे.

बाई आमच्यात सगळ्यात मोठ्या. शाळेत मराठी शिकवायच्या आणि भंडाऱ्याच्या अलीकडे शहापूरला राहायच्या. नागपूरहून येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये त्या आमच्याआधी चढत, आणि मागच्या लांब सीटवर पिशवी, छत्री, डबा असं एकेक मांडून आमच्या तिघींच्या जागा धरत. भंडाऱ्याला आम्ही चढायचो. मी नर्स. दुसरी पोस्टात होती, तिला आम्ही पोस्टवालीच म्हणायचो. तिसरी लहानी, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी धाकटी, ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसायची, कंत्राटी. साकोलीला उतरायचं, तिथून काळीपिवळी जीपमध्ये स्वतःला कोंबायचं आणि सानगडी गाठायचं. संध्याकाळी तसंच उलटं. अशी आमची वर्षं गेली, आणि त्या वर्षांत मी जेवढं वाचलं तेवढं ना शाळेत वाचलं ना नंतर.

पद्धत अशी होती. दर फेरीला एकीनं आपली आवडती कादंबरी आणायची. तिला कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घालायचं. ती चौघींत फिरायची, आणि चौथीचं वाचून होईपर्यंत पहिल्या तिघींनी त्या पुस्तकाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. चांगलं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, शेवटाबद्दल तर भुवईसुद्धा हलवायची नाही. चौथीचं झालं की परतीच्या बसमध्ये शेंगा सोलत भांडायचं. नियम बाईंचा. त्या वर्गात कडक होत्या तशाच बसमध्येही.

आवडी मात्र चार दिशांना. पोस्टवालीला खुनाच्या कादंबऱ्या लागायच्या, आणि ती मेली आधी शेवटचं पान वाचायची. "खुनी कोण ते माहीत असलं म्हणजे मी निवांत वाचते," म्हणायची. मला खेड्यातल्या, शेताभाताच्या कादंबऱ्या आवडायच्या. दवाखान्याच्या कादंबऱ्यांनी मात्र माझं डोकं फिरायचं, कारण लेखक कितीही मोठा असो, सलाइन लावायचं एकालाही येत नाही. लहानीनं आमच्यात येईपर्यंत स्पर्धा परीक्षेची गाइडं सोडून काही वाचलेलं नव्हतं. आणि बाईंचा एकच लेखक. त्याचं नाव घेताना त्या पदर सारखा करायच्या. त्याची सगळ्यात आवडती कादंबरी त्यांनी बंद पडलेल्या एका वाचनालयाच्या रद्दीतून उचलली होती आणि भंडाऱ्याच्या एका बाइंडरकडून जाड पुठ्ठ्यात बांधून घेतली होती.

ती कादंबरी अशी. मोठ्या घरात दिलेली एक बाई. घरची माणसं राक्षस नाहीत, पण ती कोण आहे हे तिला कोणी कधी विचारलेलं नाही. दोनशे ऐंशीच्या वर पानं ती सहन करते. शेवटी एका सकाळी ट्रंक घेऊन रस्त्यावर येते. बस येते. कंडक्टर विचारतो, "कुठं जायचं?" ती काहीच बोलत नाही. ती एकदा मागं वळून पाहते. संपलं.

मी पान उलटलं तर पुठ्ठा. परत मागं आले, परत उलटलं, पुठ्ठाच. अगं बाई, मग गेली का नाही गेली? पण विचारणार कोणाला? नियम. मग वाटलं, आपण सुया टोचणारं माणूस, आपल्याला साहित्यातलं काय कळतं. बाईंना आवडतं म्हणजे असंच असेल. पोस्टवालीनं पुस्तक परत केलं तेव्हा तिचं तोंड उघडलंच होतं. "अवो बाई, हे तं..." "चूप!" बाई कडाडल्या. "लहानीचं व्हायचं आहे." पोस्टवाली चूप बसली, पण साकोलीपर्यंत तिची चुळबुळ चालली होती.

लहानीचं व्हायचं होतं आणि लहानीवर तेव्हा वेगळीच वेळ आली होती. तिच्या माहेरचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेलं. नवीन वसाहतीत घर मिळालं, पण तिची आई म्हणायची की तिथं मला अजून दार सापडत नाही. सासर गोंदियाकडचं. लहानी चार वर्षांच्या पोरीला घेऊन तिथून निघाली होती आणि भंडाऱ्यात आईसोबत खोली करून राहत होती. नवरा वाईट नव्हता, पोरीला भेटायला यायचा, येताना केळी आणायचा. त्याचं आणि घरच्यांचं म्हणणं एवढंच की नोकरी सोड, परीक्षेचं खूळ सोड, आणि ये. नाहीतर मोकळं करू. येत्या रविवारी लहानीच्या खोलीवर दोन्हीकडच्या माणसांची बैठक ठरली होती. ती गेली असती तर नोकरी, परीक्षा, सगळं त्याच दिवशी संपणार होतं.

मी तिला सल्ले देऊन देऊन तिचे कान किटवले होते. ती "हाव, हाव" म्हणत मान डोलवायची, डोळे पुसायची आणि खिडकीबाहेर बघायची. सोमवारी बाईंनी तिच्या मांडीवर ते पुस्तक ठेवलं. "रविवारच्या आत वाचजो," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी भंडाऱ्याच्या स्टँडवर ती दिसेना. बस सुटायला आली. मी मनात तिच्या सासऱ्याला, नवऱ्याला, आणि खरं सांगते, तिलाही शिव्या घातल्या. तेवढ्यात ही धावत आली, एका हातात डबा, दुसऱ्या हातात पुस्तक. धाप लागलेली. सीटवर बसली आणि म्हणाली, "मामाजीनं विचारलं, मग सूनबाई, कुठं जायचं ठरवलं? मी म्हटलं, सानगडीले. उद्या ड्युटी आहे."

पोस्टवालीनं तिचा गालगुच्चा घेतला. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पुसला.

"त्या लेखकानं सांगितलं नाही नं ती कुठं गेली ते," लहानी म्हणाली. "मग मले वाटलं, आपल्यालेच सांगा लागते."

"हीच तर त्याची ताकद आहे!" बाई म्हणाल्या. पोस्टवाली म्हणाली, "ताकद कायची, संपलंच नाही वं ते पुस्तक. मी पहिले शेवटचं पान पाहिलं, तेव्हाच मले समजलं." बाईंनी तिला असं झापलं! मोठे लेखक सगळं भरवत नसतात, खुनाची पुस्तकं वाचून तुझी जीभ मेली आहे, वगैरे वगैरे. मीही बाईंच्या बाजूनं दोन शब्द बोलले. नंतर ते मला गिळावे लागले.

तीनेक महिन्यांनी प्रशिक्षणासाठी नागपूरला गेले होते. फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात तीच कादंबरी दिसली. हातात घेतली तर बाईंच्या पुस्तकाहून जाड. शेवटी गेले. तिनं मागं वळून पाहिलं, आणि त्याच्यापुढे सोळा पानं! उन्हात उभ्या उभ्या वाचली. ती कंडक्टरला म्हणते, "कुठंच नाही." ट्रंक उचलते. घरी जाते, सासूला म्हणते, "चुकलं माझं," आणि चूल पेटवते. पुढे त्या माणसानं दोन अख्खी पानं चहाच्या वासावर लिहिली आहेत. चहाच्या! मला असा राग आला की पुस्तक तिथंच फेकणार होते. पण घेतलं, कारण खोटं वाटलं असतं कोणाला सांगितलं तर.

आता लहानीला सांगायचं कसं? तिची ग्रामसेवकाची परीक्षा महिन्यावर आली होती. सासरकडून अजून निरोप येत होते. या पोरीनं ज्या शेवटावर पाय ठेवून उडी मारली, तो शेवटच नव्हता. पुस्तकातली बाई तर परत गेली होती. हे कळलं आणि हिचा धीर सुटला तर? ही ट्रंक उचलून निघाली तर? माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या सानगडीला ठाऊक आहे. ते पुस्तक मी आमच्या आरोग्य उपकेंद्रात कापसाच्या बंडलांमागं लपवलं आणि महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्यांवर खेकसत राहिले.

बाईंना मात्र सांगितलं, शहापूरला त्यांच्या घरी जाऊन. त्यांनी ती सोळा पानं उभं राहून वाचली. मग खाली बसल्या. "तीन वेळा वाचलं मी ते पुस्तक," म्हणाल्या. "वर्गात शिकवलं. अन् त्या पोरीच्या हातात अर्धं पुस्तक दिलं." मी पाणी दिलं. परीक्षा होईपर्यंत गप्प राहायचं ठरलं. आयुष्यात पहिल्यांदा आमचा नियम माझ्या कामी आला.

परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी बसमध्ये बाईंनी स्वतः ते पुस्तक लहानीला दिलं. "आमच्या पुस्तकात शेवटची सोळा पानं नव्हती गं. ही आहेत. वाच." लहानी वाचायला लागली. मी खिडकीबाहेर बघायचं सोंग केलं. धानाच्या शेतातल्या बांध्या मागं पळत होत्या आणि मला एकही दिसत नव्हती. लाखनी गेलं. ती एका पानावरून पुढं सरकेना.

साकोली यायला आली तेव्हा तिनं पुस्तक मिटलं.

"बाई, तुमाले माहीत होतं का?"

"नाही गं. माझी शपथ."

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "हे पानं मले तवा भेटले असते नं बाई, तं मी गेली असती. घाबरून गेली असती, अन् वाटलं असतं, पुस्तकातही असंच लिहिलं आहे, म्हणजे हेच बरोबर. बरं झालं आपलंच पुस्तक मले पहिले भेटलं."

मग पोस्टवालीला राहवलं नाही. "मी काय म्हणत होती? संपलंच नाही! सांगा बाई, म्हणत होती का नाही?" अख्खी बस वळून बघायला लागली इतक्या आम्ही हसलो. बाईंनी तिथल्या तिथं तिची माफी मागितली. पोस्टवालीनं ती माफी नंतर वर्षभर पुरवून वापरली.

लहानी ग्रामसेविका झाली. नवरा-बायको रीतसर वेगळे झाले, भांडण न करता. तो अजूनही पोरीला भेटायला येतो आणि अजूनही केळीच आणतो. बाई निवृत्त झाल्या, मागची लांब सीट आता कोण धरतं कोणास ठाऊक. पण मला त्या तिघींचं ऋण वाटतं. घर, ड्युटी, लसींचे डबे यांच्यामध्ये रोजचे दोन-तीन तास त्यांनी मला पुस्तकं दिली, आणि पुस्तकांपेक्षा मोठं म्हणजे भांडायला माणसं दिली. मी त्या बाइंडरचीही आभारी आहे. आहे तेवढंच बांधून दिलं, पानं मोजली नाहीत, देव त्याचं भलं करो. आणि वाचनालयात ज्या कोणी आळशी वाचकानं ती सोळा पानं हरवली, तो दिसला तर मी त्याला घरी बोलावून जेवू घालीन.

गेल्या महिन्यात आम्ही चौघी बाईंच्या घरी जमलो होतो. बाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, त्यांना बघायला. लहानीची पोरगी सोबत आली होती. अकरावीत आहे, उंच झाली आहे, आईसारखीच कमी बोलते. बाईंच्या कपाटापुढं उभी राहून म्हणाली, "आजी, मला तुमची आवडती कादंबरी द्या ना."

बाई उठल्या. त्यांनी दोन्ही पुस्तकं काढली, पुठ्ठ्याचं आणि फुटपाथवरचं. हातात धरून लहानीकडे बघत राहिल्या. आम्ही सगळ्या तिच्याकडेच बघत होतो. लहानीनं पुठ्ठ्याचं घेतलं, पदरानं पुसलं आणि पोरीच्या हातात दिलं.

"अन् ते दुसरं?" पोरीनं विचारलं.

"ते मग. पहिले हे वाच," लहानी म्हणाली. "अन् वाचून झालं का इथं येजो, अन् आम्हाले शेवट सांगजो."

नियम सरळसरळ मोडला होता. मी बाईंकडे पाहिलं. त्या दुसरं पुस्तक परत कपाटात ठेवत होत्या.