इंजिनाचा पिवळा दिवा

त्या पावसाळ्यात आमच्या गाडीचा पिवळा दिवा लागला आणि घरात बाबांच्या विसराळूपणाची चर्चा सुरू झाली.

दिवा स्टिअरिंगसमोरचा, इंजिनाच्या चित्राचा. गाडी मात्र मजेत पळत होती. मी खालापूरकडे कंपनीत जाते, म्हणून वाटेत कुंभिवलीच्या गॅरेजमध्ये थांबले. गॅरेजवाल्याने यंत्र जोडलं, घाईघाईत बाहेरूनच पेट्रोलचं झाकण पिळून पाहिलं आणि दिवा घालवला. "पेट्रोलची वाफ गळतेय, ताई. झाकण नीट लावत जा."

पेट्रोल भरणं हे बाबांचं खातं. "टकटक वाजंपर्यंत फिरवलाय मी," ते तडकून म्हणाले. पण थोड्या दिवसांनी दिवा परत लागला, आणि आई हळूच बोलून गेली, "विसरत असतील गं."

ते बाबांनी ऐकलं. माझ्या काकांचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस बंद करायचा राहायचा, शेवटी त्यांना स्वतःचं घरही ओळखता येईना. बाबा त्यांना हात धरून घरी आणायचे. आता बाबांनी गाडीची किल्ली माझ्या पर्सजवळ ठेवली. कशेळ्याच्या बाजाराला जाणं बंद केलं. "तूच चालव. माझा काय नेम नाय आता." आयुष्यभर हेकटपणा केलेला माणूस हे बोलत होता.

रविवारी मी त्यांना जवळजवळ ओढतच गॅरेजमध्ये नेलं. गॅरेजवाला या वेळी निवांत होता. गाडीला हे कळतं तरी कसं, असं मी विचारलं. तो म्हणाला, टाकीतल्या पेट्रोलची सारखी वाफ होते. ती हवेत जाऊ नये म्हणून कोळसा भरलेल्या डब्यात साठवतात, आणि इंजिन चालू असताना ती ओढून जाळतं. मधूनमधून गाडी या सगळ्या वाटा बंद करते, आतली थोडी हवा खेचून घेते आणि गप्प बसून बघते. आतला दाब टिकला तर ठीक. टिकला नाही, म्हणजे कुठेतरी फट आहे. कुकरची रिंग खराब झाली की शिट्टी होत नाही, तसंच. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर गाडी तपासतच नाही, त्यामुळे पेट्रोल भरल्यावर दिवा लागायला दिवस जातात.

"आणि एकदा फट दिसली की लगेच दिवा लावत नाय," तो म्हणाला. "परत तपासते. परत तसंच निघालं, तरच."

मला आमचाच राग आला. तिच्याएवढाही धीर आम्ही धरला नव्हता.

मग त्याने झाकण उघडलं. आत दुधाच्या पिशवीचा तुकडा होता, दुमडून, नीट गोल कापून बसवलेला. त्याच्या चुण्यांतून वाफ निसटत होती.

"हे कोणी घातलं?" गॅरेजवाल्याने कपाळाला हात लावला.

मला पाहताक्षणी कळलं. बाबांनी भिवपुरीच्या वीजघरात नोकरी केली ती मोटारसायकलवरून. इथल्या पावसात टाकीत पाणी जायचं आणि गाडी मधेच बंद पडायची, म्हणून पाऊस लागला की झाकणाखाली प्लॅस्टिक. इकडे सगळेच करायचे. आम्ही त्यांना इतक्यांदा विचारलं, ते झाकण लावलं का एवढंच.

बाबा खुर्चीतून उठले. आठवडाभर मान खाली घालून बसलेला माणूस ताठ उभा राहिला.

"मी घातलंय," ते मोठ्याने म्हणाले. "भरल्यावर कापून घातला, वर झाकण लावला, टकटक वाजवला. सगळा आठवतंय मला! गाईच्या दुधाची पिशवी हाय ती, बघ."

गॅरेजवाला हसायला लागला. चूक कबूल करताना इतका आनंदलेला माणूस त्याने पाहिला नसावा. बाबा हसत नव्हते. त्यांचे डोळे भरले होते, आणि माझ्यापुढे त्यांनी हात पसरला होता.

मी किल्ली दिली.