कुलूपवाल्या काकाचे चार थेंब

दार ओढून घेतलंय आणि चावी आतच राहिलीय, अशा माणसाचा चेहरा कसा होतो हे माझ्या काकाने चाळीस वर्षं रोज बघितलं आहे. काका चावीवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर ऑफिसांची एक तीनमजली इमारत आहे, तिच्या जिन्याखाली त्याचं दुकान. दुकान म्हणजे चावी कापायचं एक यंत्र, भिंतभर टांगलेल्या कोऱ्या चाव्या आणि काका. गिऱ्हाईक आत आलं की काकाला पोट आत घ्यावं लागतं. येणारी माणसं रडकुंडीला आलेली असतात, नाहीतर भांडायच्या तयारीने आलेली असतात. काका म्हणतो, "कुलपाचं काही नाही गं, ते दोन मिनिटांत उघडतं. माणसाचे हात थरथरायचे थांबेपर्यंत पंधरा मिनिटं जातात."

त्या पंधरा मिनिटांवर इलाज म्हणून काकाने फुलांचे थेंब सुरू केले.

सात-आठ वर्षांपूर्वी एक म्हातारी गिऱ्हाईक दुकानात एक जुनं पुस्तक विसरून गेली आणि परत आलीच नाही. पुस्तकात लिहिलं होतं की प्रत्येक फूल मनाच्या एकेका अवस्थेवर चालतं. भीतीचं फूल वेगळं, रागाचं वेगळं, उगाच अपराधी वाटतं त्याचं वेगळं. फुलं काचेच्या वाडग्यात, स्वच्छ पाण्यावर तरंगत ठेवायची, तीन तास उन्हात. मग ते पाणी गाळून त्यात निम्मी ब्रँडी घालायची म्हणजे टिकतं, आणि पेलाभर पाण्यातून चार-चार थेंब घ्यायचे. पुस्तकातली अर्धी फुलं आमच्याकडे उगवत नाहीत. पण काका अडून राहणाऱ्यातला नाही, चावी जुळत नसेल तर तो ती घासून जुळवतो. त्याने आपल्याकडची फुलं घेतली आणि कुठलं कशावर ते स्वतःच्या अंदाजाने ठरवून टाकलं. जन्मात दारूला न शिवलेला हा माणूस दर दोन महिन्यांनी ब्रँडीची बाटली आणू लागला, तेव्हा दारूच्या दुकानदाराने त्याला डोळा मारला म्हणे. काकूने तर सरळच विचारलं, "फुलं निमित्तालाच ना?"

मी स्वतः औषधाच्या दुकानात काउंटरवर सोळा वर्षं उभी आहे. अशा थेंबांनी काही बरं होतं हे कुठे सिद्ध झालेलं नाही, आणि मी हे काकाला तोंडावर सांगितलेलं आहे. मला भीड नाही. काकालाही राग नाही. तो म्हणाला, "बरं कोण करतंय? माणूस जरा टेकला, निवांत झाला, तरी माझं काम झालं."

म्हणून दुकानात रीत अशी. आत बाळ असेल किंवा गॅस चालू असेल तर थेंबबिंब काही नाही, काका पिशवी उचलून पळतो. एरवी आधी स्टुलावर बसवायचं, चार थेंब घातलेलं पाणी द्यायचं, ते हळूहळू पिऊ द्यायचं आणि मग विचारायचं, "आता सांगा, चावी शेवटची कुठे पाहिलीत?" दहातल्या तिघांना ती स्वतःच्याच कोटाच्या अस्तरात सापडते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ते हसत घरी जातात आणि काकाचं काम बुडतं. तरी संध्याकाळी घरी येऊन हे सगळं तो अशा आनंदाने सांगतो, जसं काही लॉटरी लागली आहे. एवढा साधा आनंदी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि त्याचा मला अधूनमधून फार राग येतो.

काकू त्याच्या बरोब्बर उलट. काका भोळा, तर काकू पक्की. तिची गाडी शिकवायची शाळा होती, एका गाडीची. तिच्या बाजूला पायाशी दुसरा ब्रेक. तिने अर्ध्या गावाला गाडी शिकवली, डॉक्टरांना, शाळेच्या बाईंना, टपाल वाटणाऱ्याला. कुणावर आवाज चढवला नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच वाक्य सांगायची, "ब्रेक माझ्याकडेही आहे. तुम्ही फक्त समोर बघा." मी तिची सर्वांत वाईट विद्यार्थिनी. तीनदा परीक्षेला बसले, तीनदा नापास. तरी म्हणायची, "होईल गं, दगडालाही येते." ह्यात दिलासा नक्की कुठे होता ते मला अजून कळलेलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी बेकरीवाल्याची शिकवणी चालली होती. मागच्या सीटवर काका होता, दुकानापर्यंत फुकट जायला मिळतं म्हणून. शाळेच्या भिंतीपाशी वळण आलं आणि बेकरीवाल्याने ब्रेकऐवजी दुसरंच पायाखाली दाबलं. काकूने तिचा ब्रेक मारला तोवर गाडी भिंतीला टेकलीच. एक दिवा फुटला. काकाचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, दोन टाके पडले. बेकरीवाल्याला खरचटलंही नाही. तो बिचारा महिनाभर बिस्किटं आणून देत होता.

पुढच्या आठवड्यात काकूने गाडीवर आच्छादन घातलं आणि फाटकावरची पाटी काढून माळ्यावर टाकली. विचारलं तर म्हणाली, "दमले आता." काकू आणि दमणार? पण सगळ्यांनी ठरवून टाकलं की मास्तरीणबाईंनी धसका घेतला. मीही तेच ठरवलं. सर्वांत आधी काकाने ठरवलं, आणि तो कामाला लागला.

रोज सकाळी चहाच्या वेळी काकूसमोर छोटी काळी बाटली येऊ लागली. काकू निमूटपणे म्हणायची, "घेते हो." दर रविवारी काका आशेने विचारायचा, "काही फरक?" ती म्हणायची, "बघू या." मग तो फूल बदलायचा. गुलाब झाला, झेंडू झाला, जाई झाली. काकू खिडकीत बसून एक स्वेटर विणत होती. त्याची एक बाही गुडघ्यापर्यंत आली तरी तिचं विणणं थांबेना. दिवसभर चार नव्या माणसांना रस्त्यावर नेणारी बाई, आणि आता लोकर गुंडाळत बसलीय.

आणि एका शनिवारी ती म्हणाली, "सोमवारी एक जण गाडी बघायला येणार आहे. पसंत पडली तर देऊन टाकू."

काकाचा घास हातातच राहिला. गाडी गेली म्हणजे शाळा गेली, हे त्याला कळत होतं आणि मलाही. जेवण झाल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "पिवळी शेवंती फुललीय. उद्या कडक ऊन पडणार. सगळ्यात जोरदार थेंब उद्या करतो. सोमवारच्या आत तिची भीती जायला हवी." मी म्हटलं, "काका, ब्रँडी जास्त घाल, त्याने जाईल." त्याने माझ्याकडे इतक्या गंभीरपणे पाहिलं की मलाच वाईट वाटलं.

आमचं घर तळमजल्यावर, अंगणात कायम सावली. म्हणून काका फुलांसाठी दुकानाच्या इमारतीच्या गच्चीवर जातो. रविवारी ऑफिसं बंद, वर चिटपाखरू नसतं. त्या रविवारी सकाळी नऊला तो वाडगा आणि फुलं घेऊन गेला. मी काकूपाशी लोकर धरायला बसले होते. अकराला तिचा फोन वाजला. तिने कानाला लावला, ऐकलं आणि एकच विचारलं, "कुठल्या बाजूला?"

झालं होतं असं. पुस्तकात लिहिलंय की फुलांच्या वाडग्याजवळ धातू नको. काका नियमाचा पक्का. त्याने चाव्यांचा जुडगा, हत्यारांची पिशवी, घड्याळ, बक्कल असलेला पट्टासुद्धा गच्चीच्या दाराआत जिन्यावर काढून ठेवला होता. मोबाइलही धातूचाच असतो हे सुदैवाने त्याच्या लक्षात आलं नाही. मग वारा आला आणि दार लागलं. त्या दाराला आपोआप लागणारं कुलूप होतं, बाहेरून फक्त चावीने उघडणारं. ते काकानेच बसवलं होतं, आणि बसवताना मालकाला म्हणाला होता, "आता मुंगीसुद्धा आत यायची नाही." वर सावली नावापुरती, आणि टाकीला वर नळ नाही. काकाचं वय त्रेसष्ट.

"बाजारातल्या दुसऱ्या चावीवाल्याला बोलवू या?" मी म्हटलं.

"ते वरून उडी मारतील, पण त्याला बोलावू द्यायचे नाहीत." काकूने खिळ्यावरच्या इमारतीच्या जादा चाव्या घेतल्या.

"मग टॅक्सी बघते. वीस मिनिटं लागतील."

तोवर काकू अंगणात पोचली होती. एका झटक्यात तिने गाडीवरचं आच्छादन ओढलं. मी मागे धावले. मला वाटलं, हिचे हात आता कापणार. "काकू, थांब. मी चालवते. शिकाऊ परवाना आहे माझ्याकडे."

"त्यांना आज खाली आणायचंय की पुढच्या रविवारी? बस पलीकडे."

गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. आठ महिने उभी गाडी अशी सुरू होत नाही, एवढं मलाही कळतं. फाटकातून बाहेर, चौकातून डावीकडे, एका हाताने सफाईने. मी तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होते.

"दर बुधवारी काढते," ती समोर बघत म्हणाली. "तू कामावर, हे दुकानात. किराणा काय मी डोक्यावरून आणते?"

"म्हणजे तुला भीती नाही वाटत?"

"मला?" काकू हसली. "भिंतीला गाडी लागली तेव्हा मी ब्रेकवर होते. मला ठाऊक होतं काय होतंय ते. हे मागे बसले होते, ह्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यानंतर मी किल्ली उचलली की ह्यांचा चेहरा पांढरा पडायचा. मी शिकवणीला गेले की दुकान सोडून रस्त्यावर उभे. दोनदा चावी उलटी कापली. चाळीस वर्षांत कधी कापली नव्हती. म्हटलं, जाऊ दे. माणूस महत्त्वाचा की गाडी?"

"हे त्याला सांगितलंस का नाही?"

"सांगून काय होतं? 'मी घाबरलोच नाही' म्हणाले असते आणि मुकाट्याने झुरले असते."

आठ महिने आम्ही सगळे हिच्या भीतीवर फुलं शोधत होतो. मला स्वतःची लाज वाटली आणि हसूही आलं.

गच्चीचं दार उघडलं तेव्हा काका पाण्याच्या टाकीच्या बोटभर सावलीत उभा होता, लालबुंद, एका हाताने पँट धरून. दुसऱ्या हातात वाडगा. वाडग्यात पाण्याचा टिपूस नव्हता, तळाला चार शेवंत्या चिकटल्या होत्या.

"पाणी कुठे गेलं?" काकूने विचारलं.

काकाने मान खाली घातली. "तहान लागली गं फार. तुझं औषध मी प्यायलो." मग एकदम वर बघून, "तुम्ही आलात कशा?"

"गाडीने."

"कोणी चालवली?"

"मी."

काकाचा चेहरा अगदी उजळला. "बघ. न घेताच गुण आला."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं मी म्हणणार होते. पण काकूने त्याच्या हातातून वाडगा घेतला, पदराने त्याचं कपाळ पुसलं. टाक्यांची खूण होती तिथे तिचा हात थोडा थांबला.

"अहो," ती म्हणाली, "आठ महिने ते थेंब मी घेतलेच नाहीत. रोज तुमच्या चहात घालत होते. भीती तुम्हाला बसली होती. तुमचंच औषध तुम्हाला दिलं."

मला वाटलं, काका रागावला. तो फुलांकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "मला वाटायचं, कुणाला दिसत नाही."

"चाळीस वर्षं सगळ्यांची कुलपं बघताय, तुमचं कुणीतरी बघायला नको?"

मला रडू आलं. औषधाच्या दुकानात मी कधी रडत नाही, पण ती गच्ची होती.

खाली आल्यावर मी पुढचं दार काकासाठी उघडलं. त्याने ते लावलं आणि मागे जाऊन बसला, त्याच सीटवर. जिन्यावरून आणलेला पट्टा बांधला, गाडीचाही बांधला. काकूने आरशात बघितलं. "मोठ्या रस्त्याने घेऊ?"

"शाळेवरून घे," काका म्हणाला. "जवळ पडतं."

भिंत आली. काकाचा हात दारावरच्या, धरायच्या कडीकडे निघाला, अर्ध्यात थांबला आणि परत मांडीवर आला. काकूने वळण असं घेतलं की वाडग्यातली फुलंही हलली नाहीत. काका म्हणाला, "काल चहात जरा जास्त पडले होते काय?" आणि काकू इतकी हसली की तिला गाडी बाजूला घ्यावी लागली.

सोमवारी गाडी बघायला आलेल्या माणसाला काकूने चहा दिला आणि शिकवणीचं वेळापत्रक दिलं. त्याला गाडी चालवता येत नव्हती, हे त्याने मान्य केलं.

मंगळवारी सकाळी सातला माझी शिकवणी. पाटी फाटकावर परत लागली होती, थोडी वाकडी. शेजारी काकू, पाय ब्रेकजवळ. मागे काका, हातात पेला.

"चार थेंब टाकलेत," तो म्हणाला. "घे."

एवढं सगळं होऊनही माझं मत बदललेलं नाही, थेंबांनी काही होत नाही. मी पेला घेतला, एका घोटात संपवला आणि गाडी सुरू केली.