लाक्षागृहातली निजलेली बाई

देवळात दिवा लावायला आली की पारूआत्या भिंतीवरच्या चित्राचा एकच कोपरा पदराने पुसायची. चित्र लाक्षागृहाचं होतं. पोलादपूरच्या वर, आमच्या डोंगरातल्या गावात नवं देऊळ झालं तेव्हा मुंबईच्या पेंटरने काढलेलं. सोनेरी खांब, कमानी, आणि भुयारात उतरणारे पांडव.

मी गावच्या शाळेत शिकवते. तेव्हा आत्याकडेच भाड्याने राहायचे. एकदा मुलांना चित्र दाखवून मी विदुराची हुशारी, सत्याचा विजय वगैरे सांगितलं. मुलं गेल्यावर आत्याने मला त्या कोपऱ्यापाशी नेलं. तिथे महालात जेवायला आलेली एक गरीब बाई पाच मुलांसह गाढ झोपली होती. पांडव निसटले, जळाली ती माणसं.

"बाई, घर पेटनार हाय ह्ये त्यांना ठावं व्हतं," आत्या म्हणाली. "हिला कोनी उठवलं नाय."

तिचं माहेर दरडीखाली गेलं होतं. डोंगराला चीर पडल्याचं खालच्या आळीला आधीच कळलं होतं, ती माणसं निघून गेली. वरच्या आळीला सांगायचं राहिलं. तिथे तिची आई होती, भाऊ होते. हे ती भाकरी थापताना एकदाच बोलली.

पुढच्या आषाढात धनगरवाडीच्या माथ्यावर चीर दिसली. साहेब येऊन बघेपर्यंत गप्प राहायचं, उगाच घबराट नको, असं गावकीत ठरलं. आत्याने ऐकून घेतलं आणि काठी टेकत भर पावसात वर चढली. दारोदार फिरली. सांजेपर्यंत सगळी वाडी गुरांसकट शाळेत उतरली.

डोंगर आला नाही. धावपळीत कुणाचं वासरू दगावलं, कुणाचं भात भिजलं. वाडीची माणसं चिडून परत वर गेली. गावात तिला दरडवाली म्हणू लागले. मला वाईट वाटायचं. ती मात्र म्हणाली, "खोटी ठरले, बरं झालं गो. दर साली अशीच खोटी ठरू दे."

माघात ती गेली. खांदा द्यायला वाडीतले धनगर सर्वांत आधी आले होते.

परवा पावसाने उघडीप दिली तशी मी वर जाऊन आले. चिरेत हात घातला, तो खांद्यापर्यंत आत गेला. तळ लागला नाही. आत कुठेतरी पाणी वाहत होतं. खाली वाडीत चुली पेटल्या होत्या.

मी उतरले आणि पहिल्या घराची कडी वाजवली.